सतराचा पाढा आणि झिजलेलं रबर

परवा पोस्टाने माझ्या नावावर एक पाकीट आलं. आत सायकलच्या ब्रेकचं एक झिजलेलं रबर होतं आणि एक गुलाबी कार्ड. नवऱ्याने ते रबर दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं, वास घेऊन पाहिला आणि हा प्रकार काय आहे असं विचारलं. मी ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं, स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच खदखदून हसले. मग थोडी रडलेही. सासूबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं की काही वाईट बातमी आहे का. तो म्हणाला, सायकलचं रबर झिजलंय. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही.

ज्यांनी ते पाठवलं त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. अंबडच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. पंपाच्या भागांना पाडलेली भोकं बरोबर मापाची आहेत का, हे बघण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कोणी बागकाम केलं असतं. काका पहाटे घराबाहेर पडले आणि त्यांच्या लक्षात आलं की नाशिकमध्ये धावणारी आणि सायकल मारणारी ढीगभर माणसं कसल्याही तपासणीशिवाय मोकाट फिरतायत. ते काही त्यांना बघवलं नाही.

माझी त्यांची पहिली भेट गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर झाली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, विमा कार्यालयात दिवसभर खुर्ची उबवणारी, डॉक्टरांनी दटावलं म्हणून धावायला आलेली. चौथाच दिवस होता आणि दुसऱ्या फेरीत माझा भाता सुरू झाला होता. तेवढ्यात एक सडपातळ म्हातारा शेजारून धावायला लागला. निळा फुलशर्ट पँटीत खोचलेला, खिशाला पेन आणि त्याच्याशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, सतराचा पाढा म्हणा बरं."

माणूस वेडा आहे हे मला कळलं, पण आवाज असा होता की मी निमूट सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि त्रिकाला माझा श्वासच संपला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, नाय जात, वेग कमी करा. आणि पुढे निघून गेले. मला इतका राग आला की त्या रागात मी वेग कमी केला आणि त्यांच्या पाठीकडे बघत अख्खा पाढा म्हणून दाखवला. कितव्यांदा तरी सतरा दाहे एकशे सत्तरला आले तेव्हा माझ्या चार फेऱ्या झाल्या होत्या. त्याआधी आयुष्यात मी कधी अडीचच्या वर गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना शोधत गेले. तेव्हा त्यांनी मला गेज समजावून सांगितला. कारखान्यात भोक तपासायला एक दांडा असतो. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे, तिला गो म्हणतात. दुसरी बाजू अजिबात जाता कामा नये, ती नोगो. गो गेली आणि नोगो अडली की माल पास. माणसाचंही तसंच, असं काकांचं म्हणणं. चालू कामात सतराचा पाढा म्हणता आला पाहिजे. नाही आला तर वेग जास्त आहे, कमी करायचा. आणि एकोणतीसचा पाढा म्हणता येता कामा नये. तोही आला तर माणूस कामचुकारपणा करतोय, वेग वाढवायचा. मनगटावरची घड्याळं, छातीला बांधायचे पट्टे, मोबाइलमधले आलेख यांना ते खेळणी म्हणायचे. घड्याळ खोटं बोलतं, एकोणतीस सक खोटं बोलत नाय, असं एकदा त्यांनी मला सांगितलं आणि लगेच विचारलं, किती? मला आलं नाही. ते खूश झाले. वेग बरोबर होता.

त्याच आठवड्यात त्यांनी माझे बूट उलटे करून खिशातली पट्टी तळव्याला लावली. डावा बूट दीड मिलिमीटर जास्त झिजलाय, म्हणजे तुम्ही पर्स डाव्या खांद्याला लावता, असं म्हणाले. मी लावत होते. त्या दिवसापासून मी ऑफिसला जाताना दर चौकात पर्सचा खांदा बदलायला लागले आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी मला पाठीला काय झालं म्हणून विचारून घेतलं.

हळूहळू आम्ही सहा जण काकांच्या तावडीत सापडलो. शनिवारी धावणं, रविवारी सायकल. कुणी काय करायचं ते शुक्रवारी संध्याकाळी जॉब कार्डावर लिहून घरपोच यायचं. कारखाना बंद झाला तेव्हा कोऱ्या गुलाबी कार्डांचा एक गठ्ठा काका घरी घेऊन आले होते. रद्दीत जाणार होता तो. त्यावर ऑपरेटर म्हणून आमचं नाव, मशीन या रकान्यात 'स्वतःचे पाय' किंवा 'सायकल', ऑपरेशन 'धावणे, बारा किलोमीटर', टॉलरन्स, म्हणजे चालेल तेवढा फरक, 'अधिक उणे दोनशे मीटर'. सगळ्यात खाली तपासणी आणि सहीची जागा. काम झालं की काका सही करायचे, नाहीतर लाल पेनने 'रिवर्क, गुरुवार' असं लिहायचे. एक नियम पक्का होता: आपलं काम आपण पास करायचं नाही. स्वतःची भाकरी सगळ्यांनाच गोल दिसते, असं ते म्हणत.

पहिल्यांदा ते कार्ड द्यायला आमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना वीजमीटरवाला समजून जिन्याखाली नेऊन उभं केलं. काकांनीही मीटर बारकाईने पाहिला. आकडा टिपून दिला, एक स्क्रू ढिला आहे असं सांगितलं आणि मग माझं कार्ड सासूबाईंच्या हातात ठेवून गेले. सासूबाईंनी ते बिल म्हणून देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं. मला सोमवारी सापडलं, आणि तोवर माझ्यावर लाल पेन चाललेलं होतं.

गेजच्या बाबतीत सगळ्यात जास्त त्रास दिला तो आमच्या डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे दातांचे. गंगापूर रोडला दवाखाना, हाताने सहज उचलता येईल इतकी हलकी सायकल, आणि शिक्षण पहिलीपासून इंग्रजीत. त्यांनी पहिल्याच चढावर सेव्हन्टीन वन्स आर सेव्हन्टीन सुरू केलं. काकांनी तिथल्या तिथे थांबवलं. म्हणाले, इंग्रजी पाढ्याला श्वास किती लागतो ते आपण मोजलेलं नाय, हा गेज कॅलिब्रेट केलेला नाय, चालणार नाय. मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टर मराठी पाढे शिकले. दाढ काढताना गुणगुणायचे. पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकायचे, कारण दुसरा इलाज नव्हता. महिन्याभरात त्यांना सतराचा पाढा इतका मुरला की धापा टाकतानाही आपोआप बाहेर पडायला लागला. काकांनी जाहीर केलं की गेज झिजला. डॉक्टरांना एकोणीसचा दिला.

संगीताची अडचण उलटी होती. मखमलाबादला तिची गुलाबाची आणि शेवंतीची शेती. पहाटे फुलबाजारात माल उतरवून ती थेट धावायला यायची, ओढणीला पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. जुड्यांचा हिशेब करून करून तिला पस्तीसपर्यंतचे पाढे झोपेतही यायचे. चढावर आम्ही सगळे जीभ बाहेर काढून चाललेले, आणि संगीता एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट अशी पुढे. नोगो बाजू सरळ आत जात होती. काका दोन आठवडे अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी तिच्यासाठी वेगळा गेज बनवला: नाशिक-येवला एसटीचे थांबे, उलटे. येवला, विंचूर, निफाड, चांदोरी इथपर्यंत पोचली तर वेग बरोबर. पार नाशिकला पोचली तर वाढवायचा. संगीता म्हणायची, काका मला एक दिवस येवल्याहून घरी येऊच देणार नाहीत.

रविवारी सकाळी साडेसहाला गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सात माणसं वेगवेगळे पाढे ओरडत चाललेली असली की फिरायला आलेली मंडळी सुरुवातीला रस्ता ओलांडून पलीकडे जायची. नंतर सवय झाली. पुढे पुढे तर काही जण मदत करायला लागले. एका बंगल्याच्या गॅलरीत एक निवृत्त मुख्याध्यापिका चहा पीत बसायच्या. डॉक्टर अडखळले की त्या वरून उत्तर द्यायच्या. काकांनी एकदा सायकल थांबवून, हात जोडून त्यांना विनंती केली की बाई, कृपा करून सांगू नका, तुमच्यामुळे खराब माल पास होतोय.

आता मुख्य गोष्ट. काका घाट असा चढायचे की बघत राहावं. चौसष्टाव्या वर्षी, स्वतः जुळवलेल्या जुन्या सायकलवर, निळ्या शर्टाचं वरचं बटणही न उघडता. पण वर पोचले की उतरायचे. आम्हाला म्हणायचे, व्हा पुढं. आणि सायकल हातात धरून अख्खा उतार चालत यायचे. आम्ही खाली मिसळ खाऊन, वर ताक पिऊन, बिल देऊन होईपर्यंत काका यायचे आणि टेबलाशी बसून आमच्या कार्डांवर सह्या करायचे. उतार का चालता असं विचारलं तर ठरलेलं उत्तर होतं: ब्रेकचं रबर वाचतं. सात वर्षांत रबर बदललेलं नाय, हे ते पट्टी लावून सिद्ध करायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा कंजूषपणा आहे, आणि आम्ही त्यावर पोटभर हसायचो.

एका रविवारी पेठ रस्त्याला सावळघाटाच्या माथ्यावर मी पाण्याची बाटली विसरले. थोडी खाली उतरले होते, म्हणून परत वळून चढत आले. काका एकटेच होते. सायकलवर बसलेले, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. तोंडाने म्हणत होते, सतरा एके सतरा. पाय उचलायचे, पुन्हा टेकवायचे. पुन्हा सतरा एके सतरा. दुणे काही येत नव्हतं. मी सात वेळा मोजलं. मग त्यांना मी दिसले. त्यांनी शांतपणे सायकलवरून पाय काढला, कठड्यावरची माझी बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि बूच नीट लावत जा म्हणाले. पुढच्या शुक्रवारी माझ्या कार्डावर चढाच्या फेऱ्या दुप्पट होत्या. मी कुणाला काही बोलले नाही.

हे असंच चालू राहिलं असतं, पण डॉक्टरांना प्रेमाचा झटका आला. दोनशे किलोमीटरच्या एका सायकल फेरीची नावनोंदणी सुरू होती. साडेतेरा तासांत पुरी करायची. नाशिकहून घोटी, तिथून भंडारदऱ्याकडे, राजूर, अकोले, संगमनेर, सिन्नर आणि मोहदरी घाट उतरून परत नाशिकरोड. डॉक्टरांनी आम्हा सहा जणांची नावं घातली आणि आमच्या गुरूला सन्मानाने न्यायचं म्हणून सातवं नाव काकांचं घातलं. मिसळीच्या टेबलावर त्यांनी ते जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पापडाचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले. मग विचारलं, रस्ता परत सांगा. डॉक्टरांनी सांगितला. काकांनी दोन बोटं वर केली, म्हणाले, दोन उतार. डॉक्टरांना वाटलं ते आनंदाने मोजतायत.

त्या शुक्रवारी कार्डं आली. इतरांच्या कार्डांवर अंतरं, वेळा, कुठे खायचं, कुठे थांबायचं, सगळं होतं. माझ्या कार्डावर ऑपरेशनच्या रकान्यात एकच ओळ होती: 'शेवटच्या माणसाबरोबर राहणे.' टॉलरन्स: 'नाही.' मी ते कार्ड बराच वेळ हातात घेऊन बसले. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाकडे मदत मागितली नसावी, आणि मागितली ती अशी, रकाना भरून.

पहाटे पाचला निघालो. डॉक्टर आणि संगीता पहिल्या दहा मिनिटांतच दिसेनासे झाले. घोटीला चहा झाला, पुढे भाताच्या खाचरांमधून रस्ता वर वर जायला लागला. बारीच्या चढावर काकांनी माझ्यासकट अकरा जणांना मागे टाकलं आणि प्रत्येकाला जाता जाता विचारलं, पाढा येतो का? एक पुण्याचा मुलगा इतका घाबरला की त्याने काकांना तपासनीस समजून आपला नोंदणी क्रमांक सांगितला. मला इतका आनंद झाला होता की मी संगीताचे एसटीचे थांबे सरळ आणि उलटे म्हणत होते आणि काका ओरडत होते की ताई, तुमचा वेग फार कमी पडतोय.

राजूरच्या पुढे विठा घाट आला आणि काका उतरले. ब्रेकचं रबर, असं सवयीने म्हणाले. मीही उतरले. आम्ही दोघं सायकली हातात धरून चालायला लागलो आणि बाजूने स्पर्धक भर्रकन जात होते, मघाचा पुण्याचा मुलगाही गेला. वळणावर काका आपणहून म्हणाले, "रबराचं काय नाय ताई. मला भ्या वाटतं."

मी विचारलं की कधी पडला होता का.

"नाय. तेच तर हे. पडलो असतो तर कारण तरी लिहिता आलं असतं. याला ड्रॉइंगच नाय, ताडून बघायचं कशाशी."

घाट आम्ही चालतच उतरलो. चाळीस मिनिटं गेली त्यात. खाली आल्यावर काकांनी घड्याळ पाहिलं, त्या मिनिटांचा हिशेब मनात केला आणि मला एवढंच सांगितलं की आता संगमनेरपर्यंत तोंड बंद ठेवून चालवा.

संगमनेर ते सिन्नर वारा समोरून होता. कांद्याचे ट्रक बाजूने गेले की सायकल हातभर सरकायची. मी काकांच्या मागच्या चाकाकडे बघत चालवत होते, पाढा सोडाच, माझं स्वतःचं नावही मला सांगता आलं नसतं. सिन्नर सोडलं तेव्हा सव्वा तास शिल्लक होता. मोहदरीचा माथा आला. खाली नाशिककडे जाणारा रुंद रस्ता, उन्हं कललेली, आणि घाट चालत उतरायचा तर तिथेच सगळं संपत होतं. हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी सायकल कडेला घेतली आणि एक पाय टेकवून उभे राहिले.

मला वाटलं, आता धीर द्यावा. काहीतरी चांगलं बोलावं. पण धीर द्यायला गेले असते तर त्यांनी तो पट्टी लावून मोजला असता. म्हणून मी त्यांच्याच आवाजात म्हणाले, "काका, सतराचा पाढा म्हणा बरं."

ते म्हणाले, "सतरा एके सतरा." आणि थांबले. नाय जात, असं पुटपुटले.

"नाय जात तर काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि माझ्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणात या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. "वेग कमी करायचा."

"किती?"

"पाढा जाईल इतका."

मग त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले आणि पाय उचलला. सायकल जवळजवळ उभीच होती. चालणाऱ्या माणसानेही आम्हाला मागे टाकलं असतं. मी शेजारून तितक्याच संथ चालले होते आणि पडू नये म्हणून हँडल वेडंवाकडं वळवत होते. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. दुणे आलं. पहिल्या वळणावर चोक अडुसष्ट आलं, आवाज चिरका, पण आलं. मागून एक कांद्याचा ट्रक आमच्याच चालीने यायला लागला, क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ऐकत होता. आम्ही सतरा दाहे एकशे सत्तरला पोचलो तेव्हा त्याने ट्रकच्या दारावर थाप मारली आणि आता अठराचा घ्या म्हणाला. ट्रक गेला. काकांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा पाढा सरळ आला, तिसऱ्यांदा घाई न करता.

आणि मग काकांनी, नियमाप्रमाणे, दुसरी बाजू लावून पाहिली. एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. मी श्वास रोखून ऐकत होते. सक एकशे चौऱ्याहत्तर. नव्वे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद. अख्खा पाढा, एकही चूक नाही. काका इतक्या रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळले की मला हसू आवरेना.

"ताई, नोगो गेली हो."

"मग नियम काय, काका?"

नियम त्यांनीच केला होता. नोगो गेली म्हणजे माणूस कामचुकारपणा करतोय, वेग वाढवायचा. सहा माणसांना त्यांनी या नियमाखाली चिरडून काढलं होतं. सूट मागायला तिथे कोणी वरिष्ठ नव्हतं. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, स्टीलची पट्टी खिशात घट्ट दाबली आणि ब्रेक सोडले.

निळा शर्ट फुग्यासारखा फुगला आणि काका गेले. सतराचा पाढा ओरडत गेले, आणि त्यांचा आवाज पुढच्या वळणाआडून मला ऐकू येत होता. मीही मागून सुसाट निघाले, हसता हसता डोळ्यांत पाणी, रस्ता धड दिसत नव्हता. पायथ्याशी काका पाय टेकवून उभे होते. केस उभे, चष्मा नाकाच्या टोकावर. ब्रेकच्या रबराचा जळका वास सुटला होता. ते म्हणाले, सतरा पाचेपर्यंत आलं, मग बोंबच मारली. मी विचारलं, कसली? ते म्हणाले, नुसती.

आम्ही चार मिनिटं उशिरा पोचलो. साडेतेरा तासांवर चार मिनिटं. टेबलावरच्या कार्यकर्त्याने यादी मिटून ठेवली होती, त्याने हळहळून हात जोडले. डॉक्टर त्याच्याशी भांडायला लागले, सन्मान, वय, गुरू असं सगळं इंग्रजीत आणि मराठीत एकाच वेळी. संगीताने शेवंतीचा हार आणला होता, तो हातात धरून तिला रडू फुटलं. आणि काका? काका फूटपाथवर मांडी घालून बसले होते. सायकल उलटी केलेली. खिशातली पट्टी ब्रेकच्या रबराला लावून, डोळा बारीक करून बघत होते.

"अर्धा मिलिमीटर," त्यांनी मला सांगितलं. "सात वर्षांत पहिल्यांदा." एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेलं गुलाबी कार्ड काढलं. दिवसभर घामाने ते मऊ झालं होतं. ऑपरेटर: स्वतः. त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं ते पहिलंच कार्ड असावं. दोनशे किलोमीटरचा त्यावर उल्लेखही नव्हता. ऑपरेशन: 'घाट, सायकलवर बसून, खाली.' वेळ: 'कितीही.' तपासणीची जागा रिकामी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्याकडे धरलं. आपलं काम आपण पास करायचं नाही.

मी सही करायला वाकले आणि थांबले. साडेतीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. एका चांगल्या रविवारावर त्यांनी मला कधीच सोडलं नव्हतं, पहिला पीस बरोबर आला म्हणजे सगळा लॉट पास होत नाय असं म्हणून परत पाठवलं होतं. मी लिहिलं, 'पहिला पीस ओके. लॉट बाकी.' आणि कार्ड परत दिलं. डॉक्टर मागून वाचत होते, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना घराबाहेर काढलंय. काकांनी कार्ड दोनदा वाचलं.

"बरोबर," ते म्हणाले. "मी पण हेच लिहिलं असतं."

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीची बदली वाईला झाली आणि काका तिच्याबरोबर गेले. निघताना त्यांनी उरलेल्या कोऱ्या कार्डांचे दोन भाग केले, अर्धी संगीताला दिली, अर्धी सोबत नेली. वाईला घराच्या मागेच पसरणीचा घाट आहे, हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस काही नाही.

आणि परवा हे पाकीट. गुलाबी कार्ड तेच आहे, घामाचा डागही तोच. माझ्या 'लॉट बाकी'च्या खाली त्यांच्या बारीक अक्षरात तारखांची रांग आहे, प्रत्येक तारीख रविवारची, शेवटची जागा संपली म्हणून मागच्या बाजूलाही. तळाशी एक ओळ: 'रबर सोबत जोडले आहे. तपासून परत पाठवणे.'

आज सकाळी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढून मी ते रबर मोजलं. मोजण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं, आतलं लोखंड दिसत होतं. मी कार्डावर मोठ्या अक्षरात 'लॉट पास' लिहिलं, सही केली आणि पाकीट बंद केलं. ऑफिसला निघायला अजून तासभर होता. बूट घातले आणि पोस्टापर्यंत धावतच निघाले. कोपऱ्यापर्यंत सतराचा पाढा पुरा झाला. म्हणून नियमाप्रमाणे एकोणतीसचाही म्हणून पाहिला, भाजीवाल्या मावशी बघत राहिल्या. दाहे दोनशे नव्वदपर्यंत तोही सगळा आला.

मग काय, वेग वाढवला.